रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्या

काही दिवसांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक तृतीयपंथी पेशंट आली. तीन दिवसांचा ताप होता. वेटिंग रूम भरलेली होती, पण ती बसल्याबरोबर तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. गुडघेदुखीसाठी आलेल्या एक आजीसुद्धा उठून उभ्या राहिल्या.

तपासताना मी विचारलं, “इतके दिवस अंगावर का काढलं?” ती म्हणाली, “डॉक्टर, सगळ्यांच्या नजरा झेलण्यापेक्षा ताप बरा वाटतो.”

हा आजार आहे का?

नाही. जन्मल्यावर शरीर पाहून ठरवलेलं लिंग आणि माणसाला स्वतःबद्दल आतून जाणवणारी ओळख काहींच्या बाबतीत जुळत नाही. हे संगतीमुळे किंवा आईवडिलांच्या लाडामुळे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत याला मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नैराश्य, चिंता असे त्रास या व्यक्तींमध्ये जास्त दिसतात, पण त्यांचं एक मोठं कारण घरातून, शाळेतून आणि नोकरीतून मिळणारा नकार हे आहे.

मग आपल्याला भीती कशाची वाटते?

आपण त्यांना भेटतो ते सिग्नलवर, गाडीची काच वर करून. वर्गात, ऑफिसात, शेजारी ते आपल्याला दिसत नाहीत. जे माहीत नसतं त्याची भीती वाटते. ‘हिजडा’ हा शब्द तर आपण लहानपणी शिवी म्हणूनच शिकतो.

“पण ते पैशांसाठी त्रास देतात,” असं मला पेशंट सांगतात. काही जण देतात, आणि त्रास दिला तर तक्रार जरूर करावी. पण घर सुटलं, शाळा सुटली, काम कोणी दिलं नाही, तर माणूस सिग्नलवरच येणार. आपण परिणाम पाहतो आणि त्यालाच स्वभाव समजतो.

पुस्तकं काय सांगतात?

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन २०१२ साली मराठीत आलं. ठाण्यातल्या एका नाचवेड्या मुलाला किती चिडवलं गेलं, काय सोसावं लागलं, आणि तरी घरच्यांनी त्याला कसं टाकलं नाही, हे त्यात वाचायला मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याच्या दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आहे. अशी पुस्तकं वाचताना कळतं की ही गोष्ट त्यांच्याइतकीच आपलीही आहे: चिडवणारे, हसणारे, गप्प बसणारे आपणच असतो.

त्या आजींना नावं ठेवायचा अधिकार मात्र मला नाही. आम्हा डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांतही या समाजाबद्दल अपमानास्पद मजकूर होता. तो टाळा, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२१ मध्ये सांगावं लागलं. ‘उपचार’ करून अशा व्यक्तींना ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे पूर्वग्रह अडाणीपणातून येतो असं नाही. तो छापूनही येतो, आणि शिकलेली माणसं तो पाठ करतात.

आपण काय करू शकतो?

• बोलताना कसं संबोधायचं ते सरळ विचारा. त्यात अवघड काही नाही.

• मुलाने किंवा मुलीने घरी असं काही सांगितलं, तर मारू नका, बुवा-भगताकडे नेऊ नका, घाईने लग्न लावू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, पण मूल बदलण्यासाठी नाही, तर त्याला समजून घेण्यासाठी.

• तृतीयपंथी व्यक्तींना आरोग्यसेवा नाकारणं २०१९ च्या कायद्याने मना आहे. कुठे नाकारली जात असेल, तर त्यांच्या बाजूने बोला.

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेलं आपलं नाशिक हे वाचणाऱ्यांचं गाव आहे. वरच्यापैकी एक तरी पुस्तक घरी आणा. आणि माझ्या वेटिंग रूममध्ये शेजारी कोणी येऊन बसलं, तर कृपया बसून राहा. ताप आलेल्या माणसाला तीन दिवस थांबावं लागू नये, एवढंच मागणं आहे.