उत्तर ध्रुवाचं जहाज आणि आमच्या शाळेची पावसाची वही



दिवाळीनंतरची गोष्ट. आठवीच्या वर्गात हवामान बदल शिकवत होतो. पडद्यावर एक चित्रफीत लावली होती. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून एक पांढरं जहाज चाललंय, प्रवासी दुर्बिणीतून अस्वल बघतायत आणि संध्याकाळी जहाजावरचे शास्त्रज्ञ त्यांना हिमनदी किती मागं सरकली ते समजावून सांगतायत. थोडक्यात, हवामान बदल शिकण्यासाठी काढलेली सफर. चित्रफीत संपली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिकडं जायला किती पैसे लागतात?"

"काही लाख," मी म्हणालो. वर्ग हसला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तिकडचा बर्फ वितळला तर आपलं काय जातंय? आपल्याकडं तर समुद्र पण नाही."

पहिल्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं. दुसऱ्याला देता आलं नाही. आमची शाळा परंडा तालुक्यात, सीना नदीच्या पट्ट्यात आहे. सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात परंडा आणि भूम तालुक्यांत जो पाऊस झाला, जो पूर आला, तो या मुलांनी डोळ्यांनी पाहिलाय. हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, जित्राबं वाहून गेली, रानातली माती खरवडून गेली. अशा मुलांपुढं मी अस्वलाचं चित्र लावून हवामान बदल शिकवत होतो. चूक माझीच होती. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे सुचलं, ते आज तुमच्यापुढं मांडतोय.

आधी त्या जहाजाबद्दल. अशा सफरींना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. नॉर्वेच्या ताब्यातली स्वालबार्ड बेटं ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत आणि बऱ्याच सफरी तिथून निघतात. तिथं नियमही कडक होत चाललेत. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला मनाई आहे आणि किनाऱ्यावर उतरायच्या जागाही ठरवून दिल्यात. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून या काळात ५०० मीटर. विद्यार्थ्यांसाठीही अशा मोहिमा असतात. कॅनडातली 'स्टुडंट्स ऑन आइस' ही संस्था २००० सालापासून तरुणांना ध्रुवीय प्रदेशात नेते. रशियाची रोसॅटम ही अणुऊर्जा संस्था शाळकरी मुलांना निवडून अणुशक्तीवर चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजातून थेट उत्तर ध्रुवावर नेते. जे मूल तो बर्फ बघून येईल ते आयुष्यभर विसरणार नाही, हे मी मान्य करतो.

पण या सफरीतून काय शिकता येतं आणि काय येत नाही, हे शिक्षक म्हणून आपण नीट तपासायला हवं. आठ-दहा दिवसांत माणूस जे बघतो ते तिथलं त्या दिवसांचं हवामान असतं. हवामानशास्त्रात एखाद्या ठिकाणची सरासरी काढायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी धरतात. तीस वर्षं म्हणजे आमच्या आठवीतल्या पोरांच्या वयाच्या दुपटीहून जास्त. 'बदल' हा शब्द उच्चारायचा तर आधीचं काहीतरी लिहिलेलं लागतं. जहाजावरचा प्रवासी वितळणारी कड बघतो, पण ती पूर्वी कुठं होती हे त्याला दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या नोंदीवरूनच कळतं. शिवाय मुंबईहून ऑस्लो, तिथून पुढं स्वालबार्ड आणि मग जहाज, या सगळ्याला इंधन जळतं. बर्फ वितळतोय हे बघायला जाताना आपणही त्यात थोडा धूर घालतो, हे मुलांपासून लपवू नये.

मग ती नोंद ठेवतं कोण? इथं आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, आणि ती बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नसते. स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद या छोट्या वस्तीत, जवळजवळ ७९ अंश उत्तर अक्षांशावर, भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली तुकडी तिथं २००७ साली गेली आणि १ जुलै २००८ रोजी केंद्र सुरू झालं. २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत पाण्याखाली भारतीय उपकरणं बसवली. ती पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजत राहतात. डिसेंबर २०२३ पासून तर भर हिवाळ्यातही, जेव्हा तिथं सूर्यच उगवत नाही, आपले शास्त्रज्ञ जाऊन राहू लागले. आणि हे सगळं चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आहे गोव्यात, वास्कोला! धाराशिवहून एका रात्रीच्या प्रवासावर.

हिमाद्रीतल्या कामात फोटो काढण्यासारखं फार काही नसतं. तेच उपकरण, तीच जागा, तीच नोंद, पुन्हा पुन्हा. विज्ञान इथंच घडतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं. "आपलं काय जातंय?"

१९७९ पासून उपग्रह आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ मोजतायत. दरवर्षी सप्टेंबरमध्ये तो सगळ्यात कमी असतो. सुरुवातीच्या वर्षांत तो सप्टेंबरमध्येही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असायचा. २०१२ मध्ये तो ३४ लाखांच्या आसपास आला, म्हणजे निम्मा. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश उरलेल्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलाय. याचं एक कारण बर्फाच्या रंगात आहे. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, उघडं पडलेलं काळंभोर पाणी ते पिऊन टाकतं. त्यामुळं ऊब वाढते आणि आणखी बर्फ वितळतो.

२०२१ साली वास्कोच्या याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळ्यातला बर्फ कमी झाला, तर भारतात पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे सप्टेंबरमध्ये होणाऱ्या अतिवृष्टीशी त्याचा संबंध असू शकतो, असं त्यांनी मांडलं. उघड्या पाण्यातून हवेत गेलेली उष्णता वरच्या थरातल्या वाऱ्यांच्या लाटा बदलते, त्या लाटा आशियापर्यंत पोचतात, आणि त्यात तापलेल्या अरबी समुद्राचं बाष्प मिळालं की पाऊस जोरात कोसळतो, असा तो विचार आहे.

इथं एक सावधगिरी. "संबंध असू शकतो" आणि "परंड्याचा पूर कारा समुद्रामुळं आला" ही दोन वाक्यं एक नाहीत. दुसरं वाक्य मी वर्गात बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. एका पुरामागं कमी दाबाचे पट्टे, धरणातला विसर्ग, ओढ्यांवरची अतिक्रमणं अशी दहा कारणं असतात. पण त्या मुलीला एवढं नक्की सांगता आलं: "तुझा प्रश्न खुळचट नाही. आपल्याच देशाचे शास्त्रज्ञ नेमकं तेच शोधतायत."

आणि पावसाळ्याच्या शेवटाचं महत्त्व तुमच्या आजोबांना विचारा. उत्तरा आणि हस्त नक्षत्रातल्या पावसाची आपल्याकडं वाट बघायचे. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची, वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्यावरच. तोच पाऊस आता धडकी भरवतो. दुसरीकडं, एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमची आठवीतली पोरं तेव्हा तीन-चार वर्षांची होती. एवढ्या लहान आयुष्यात त्यांनी पाण्याच्या टँकरची रांगही पाहिली आणि पुराचं पाणीही. त्यांना हवामान बदल शिकवायला बाहेरचं चित्र लागत नाही. लागते ती शिस्तीची नोंद.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. हवामान बदल शिकायचा तर एका जागी थांबून, वर्षानुवर्षं, न चुकता मोजायला हवं. हे काम आठ-दहा दिवसांच्या जहाजापेक्षा गावातल्या शाळेला जास्त चांगलं जमू शकतं, कारण शाळा जागची हलत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. खर्च जवळजवळ शून्य.

पहिलं, पावसाची वही. सपाट तळाची, वर-खाली सारख्याच रुंदीची एक बरणी घेतली. झाडं आणि भिंतींपासून लांब, मैदानात पक्की बसवली. पट्टीनं पाणी मिलिमीटरमध्ये मोजायचं, रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळही हीच आहे. मग गणित. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्याकडं महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात एकरभर रानावर २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे २६ टँकर! हे गणित सुटलं तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आपापलं रान होतं.

दुसरं, दोन ग्लासांचा प्रयोग. एका ग्लासात पाणी आणि तरंगता बर्फ, पातळीला खूण. बर्फ वितळला तरी पातळी तिथंच. दुसऱ्या ग्लासात पाण्याच्या वर डोकावणारा दगड आणि त्यावर बर्फ. तो वितळला की पातळी वर चढते. समुद्रावर तरंगणारा आर्क्टिकचा बर्फ पहिल्या ग्लाससारखा आणि ग्रीनलँडच्या जमिनीवरचा बर्फ दुसऱ्यासारखा. आपल्या कितीतरी तक्त्यांवर या दोन्हींची गल्लत असते.

तिसरं, पांढरा डबा आणि काळा डबा. दोन सारखे पत्र्याचे डबे, एक चुन्यानं पांढरा केलेला, एक काळा. दोन्हींत सारखंच पाणी घालून तासभर उन्हात ठेवायचे आणि तापमापी लावायची. आर्क्टिक चौपट वेगानं का तापतंय यातली निम्मी गोष्ट पोरं स्वतःच सांगतात. आणि धाराशिवला ऊन कमी पडत नाही!

चौथं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाच प्रश्न. पूर्वी विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असायचं? कुठलं पीक बंद झालं? उत्तरं वहीत तारखेसह लिहायची. आठवण ही मोजणी नव्हे, हेही मुलांना सांगायचं. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

कुणी म्हणेल, "सर, म्हणजे खेड्यातल्या पोरांनी बरणीच बघायची आणि शहरातल्यांनी ध्रुव?" हा आक्षेप रास्त आहे आणि मला बोचतोही. आमच्या मुलांनी तिकडं जाऊच नये असं मी कधीच म्हणणार नाही. उलट शाळा, पालक आणि लोकप्रतिनिधी यांना माझी विनंती आहे की विज्ञान सहलीसाठी पैसे असतील तर एकदा वास्कोच्या संस्थेशी पत्रव्यवहार करा. एखाद्या शास्त्रज्ञांना ऑनलाइन का होईना, वर्गात बोलवा. आमच्यातली एखादी पोरगी उद्या हिमाद्रीत राहायला जावी, हे माझं स्वप्न आहे. पण ती तिथं प्रवासी म्हणून नको, नोंद घ्यायला जावी. आणि ती सवय इथंच लागेल.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्या वहीत नुसती शून्यं होती. पोरं कंटाळली. एकानं विचारलं, "सर, पाऊसच नाही तर लिहायचं कशाला?" मी म्हणालो, "शून्य लिहिलं तर पाऊस नव्हता असा अर्थ होतो. रकाना मोकळा ठेवला तर कुणी बघितलंच नाही असा होतो." तेव्हापासून रकाना मोकळा राहिलेला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्या दोघी जणी साडेआठला येऊन नोंद घेतायत. त्यातली एक तीच, जिनं विचारलं होतं की आपलं काय जातंय.

गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला. सकाळी तिनं मला फोन केला, "सर, सात मिलिमीटर. दोनदा मोजलं."

मृग नक्षत्र जवळ आलंय. शाळा उघडायच्या आधी एक बरणी, एक पट्टी आणि एक वही तयार ठेवा. पहिली नोंद कितीची झाली, ते मला जरूर कळवा.