पंपाचं ऐका
एका मित्राच्या शिडाच्या बोटीवरचा हातपंपाचा संडास या आठवड्यात रुसला आणि जो तो ‘नवा पंप घ्या’ म्हणू लागला. मंडळी, हे यंत्र आपलं दुखणं स्वच्छ सांगतं, ऐकणारा हवा. दांडा जड चालतोय? दट्ट्याचं रबर कोरडं पडलंय, थोडं गोडेतेल पाजा. उपसलेलं पाणी हळूहळू भांड्यात परततंय? बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाची रबरी झडप थकली आहे किंवा तिच्यावर खार चढलाय. समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून हा खार नळीतही थर धरतो, म्हणून अधूनमधून व्हिनेगर सोडावं. पण भांडं आपोआप भरत राहिलं, तर चर्चा थांबवा आणि आधी बोटीच्या बुडाचा कॉक बंद करा. भांडं समुद्राच्या पातळीखाली असेल तर सायफनने अख्खी बोट बुडू शकते. एप्रिल १९४५ मध्ये ‘यू-१२०६’ या जर्मन पाणबुडीत संडासातूनच पाणी घुसलं, ते बॅटऱ्यांपर्यंत पोचून क्लोरीन वायू सुटला आणि पाणबुडी गमवावी लागली. म्हणून माझं ठाम मत: नवख्याच्या हाती शिडाची दोरी देण्याआधी त्याला हा पंप खोलून, झडप बदलून पुन्हा जोडायला शिकवावं.