जावईबापू, आधी तुम्ही

परवा रात्री भाचीचा फोन आला. मालेगावला असते. लग्नाला चार वर्षं झाली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "मामा, तुमच्या गंगापूर रोडला चांगलं सेंटर कुठलं हो?" कसलं सेंटर ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागे जावईबापूंची क्रिकेटची मॅच चालू होती. मी दोन नावं सांगितली, "काळजी करू नकोस" म्हटलं आणि फोन ठेवला.

बायको शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "नावं सांगितलीत. बाकीचं कोण सांगणार?"

तर ते बाकीचं लिहायला बसलोय.

गंगापूर रोडला सेंटर शोधावं लागत नाही. अशोकस्तंभापासून निघा, जुना गंगापूर नाका, विद्याविकास, जेहान सर्कल करत आनंदवल्लीपर्यंत या. कुठल्या ना कुठल्या फलकावरून निळ्या डोळ्यांचं, गोरंपान बाळ तुमच्याकडे बघून हसेलच. (नाशिक जिल्ह्यात कुणाच्या घरी असं बाळ झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.) खाली हप्त्यांची सोय, पहिला सल्ला मोफत वगैरे. निफाडहून, सटाण्याहून एसटीने आलेल्या जोडप्यालासुद्धा पत्ता विचारावा लागत नाही. माझा राग पत्त्यावर नाहीच. माझा राग आहे त्या दारातून आत गेल्यावर टेबलावर आधी कोण झोपतं यावर.

आमचंच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सलग दोन वर्षं बायकोच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, मग नळ्यांचा एक्स-रे, मग भूल देऊन दुर्बीण. एक्स-रेच्या दिवशी ती पोट धरून बाहेर आली तेव्हा मी बाकावर पेपर वाचत होतो. या दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. मीही कुणाला काही विचारलं नाही. मग एक दिवस तिथल्या एका नव्या, पोरगेल्या डॉक्टरने फाइल पुढे-मागे उलटली आणि म्हणाला, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे?"

नव्हताच. मग केला. दोष माझ्यात निघाला. दोन वर्षं तिच्या बाबतीत आम्ही सगळे 'दोष' म्हणत होतो, माझ्यावर आल्यावर त्याचा 'प्रॉब्लेम' झाला, तेवढी सभ्यता आपल्याकडे आहे.

आणि हे मी आईला सांगितलं नाही. आई नवस बोलत राहिली. हळदीकुंकवाला हिची ओटी भरताना बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मी गप्प. आई गेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं.

आपल्या भाषेतच बघा ना. बाईसाठी 'वांझ' आहे, 'वांझोटी' आहे. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यातला तसा शब्द काय? 'नपुंसक' म्हणाल, तर त्याचा अर्थच वेगळा. शुक्रजंतू कमी असणं आणि पुरुषत्व कमी असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शब्दच नसल्यामुळे ही गल्लत होते आणि माणूस लॅबच्या पायरीवरून परत फिरतो. पुत्रकामेष्टी दशरथाने केली, पायस मात्र राण्यांनी प्यायलं. त्यापेक्षा पांडू बरा, त्याने निदान कुंतीजवळ कबूल तरी केलं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी कारणात पुरुषाचा वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. त्याची पहिली तपासणी म्हणजे दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक छोटी डबी. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. सुई नाही, भूल नाही, टाके नाहीत. रिपोर्ट वाईट आला तर पुन्हा एकदा करून बघायचा, कारण ताप येऊन गेला तरी आकडे घसरतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे तंबाखू आज सोडली तर फरक तिसऱ्या महिन्यात दिसणार. या सगळ्याच्या आधी बाईच्या पोटात दुर्बीण घालणं याला मी उपचार म्हणत नाही.

यावर डॉक्टर लोक म्हणतात, पुरुष यायलाच तयार नसतात. खरं आहे, मीच तयार नव्हतो. पण मग मिस्टरांच्या रिपोर्टशिवाय पुढची तारीख नाही, असं एका वाक्यात सांगता येतं की! ते सांगितलं जात नाही, कारण नवरा रुसला तर पेशंट जातो. नवऱ्याच्या अहंकाराचं बिल बायकोच्या अंगावर फाडलं जातं.

आणि जो नवरा स्वतःबद्दल विचारत नाही, तो सेंटरलाही काही विचारत नाही. आम्हाला 'साठ टक्के यश' सांगितलं होतं. कशाचे साठ टक्के? चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह येणं हेही यश, सोनोग्राफीत ठोका दिसणं हेही यश, आणि मूल घरी येणं हेही यश! शेवटचा आकडा सगळ्यात लहान असतो, आणि तो बाईच्या वयाप्रमाणे झपाट्याने उतरतो. ब्रिटनमध्ये १९९१ पासून एचएफईए ही संस्था सगळ्या सेंटरांवर देखरेख ठेवते आणि प्रत्येकाचे आकडे लोकांसमोर मांडते. तिथे एका गर्भरोपणामागे पस्तिशीच्या आत साधारण तिघींत एकीला मूल होतं, चाळिशी ओलांडली की दहांत एकीच्या आसपास. आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे. त्यात सेंटरची नोंदणी सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके समजावून सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे, तक्रारीची सोयही आहे. तेव्हा भाचीबाई, तुझ्या वयाच्या किती जणी गेल्या वर्षी आल्या आणि किती जणी बाळ घेऊन गेल्या, हे विचार. औषधं, इंजेक्शनं, गोठवण्याचं भाडं धरून सगळा खर्च लिहून माग. विम्याच्या भरवशावर राहू नकोस. पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरात 'एक्सक्लूजन १७' बघ, वंध्यत्वाचे उपचार बहुतेक तिथेच वगळलेले असतात.

गंमत अशी की १९८६ च्या ६ ऑगस्टला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात. गोव्याने २०२३ मध्ये आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात ही सेवा मोफत सुरू केली. आणि आपल्याकडे शेतकरी यासाठी जमीन गहाण टाकतो. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आमचं पुढे काय झालं? दोनदा प्रयत्न केले, दोन्ही फसले. तोवर ती अडतीसची झाली होती. माझ्या गप्प बसण्याने गेलेली दोन वर्षं तिच्या वयातून गेली.

अशोकस्तंभाजवळ घारपुरे घाटावर आधाराश्रम आहे, मूल दत्तक देणारी जुनी संस्था. उपचाराला जाता-येता किती वेळा तिच्या जवळून गेलो. आत जायचं नाव काढलं की आईचं 'आपलं रक्त' आठवायचं. कुणाचं रक्त, हा प्रश्न मला तेव्हा विचारायचा नव्हता. दत्तक हा सगळं हरल्यावरचा रस्ता समजू नका. आता नोंदणी 'कारा'च्या पोर्टलवर होते, लहान बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं, आणि दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. उपचार चालू असतानाच घरात हे बोलून ठेवलेलं बरं. आम्ही बोललो नाही.

एवढं लिहून आज सकाळी मालेगावला फोन लावला. जावईबापूंनी उचलला. "थांबा मामा, तिला देतो," म्हणाले.

म्हटलं, "तिला नको. तुमच्याशीच बोलायचंय. आधी तो टीव्ही बंद करा."