आधी अनुदान, शेवटी कर्ज

बारावीचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते : ‘शिकायची जिद्द असेल तर पैशावाचून कुणाचे अडत नाही.’ पाठोपाठ पुरावेही येतात. बँका शैक्षणिक कर्ज देतात, शासन शिष्यवृत्ती देते, विद्यापीठात ‘कमवा व शिका’ आहे. आणि एवढ्याने समाधान झाले नाही तर कर्मवीर भाऊराव पाटील आणि बाबासाहेब आंबेडकर यांची उदाहरणे आहेत. हे सांगणारी माणसे बहुधा मनाने चांगली असतात. मुलाला धीर द्यावा, एवढाच त्यांचा हेतू. पण ही समजूत चुकीची आहे आणि तिच्या आडोशाने शासनाची जबाबदारी हलकी होत चालली आहे, असे माझे ठाम मत आहे. मार्ग आहेत, हे खरे. ते ज्या क्रमाने आणि ज्या वेळी मुलापुढे येतात, तिथे गरिबाघरचे शिक्षण अडते.

कर्जाच्या बाजूचा युक्तिवाद असा : पदवीचा फायदा पदवीधराला होतो, पगार त्याच्या हातात पडतो, मग खर्चही त्यानेच सोसावा. बँकांच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागते आणि अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र हिशेब शेवटपर्यंत करू. साडेसात लाख रुपये चार वर्षांत समान भागांनी उचलले आणि व्याज १० टक्के धरले, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच २,६२,५०० रुपये चढतात. परतफेडीला सुरुवात होते तेव्हा कर्ज १०,१२,५०० रुपयांचे झालेले असते. १५ वर्षांची मुदत घेतली तरी हप्ता महिना १०,९०० च्या घरात जातो आणि एकूण भरणा साडेएकोणीस लाखांवर. म्हणजे ज्या पदवीसाठी डॉक्टरचा मुलगा साडेसात लाख रोख भरून मोकळा होतो, त्याच पदवीसाठी रोजंदारीवरच्या बापाची मुलगी अडीच पट किंमत मोजते. पहिली नोकरी वीस-पंचवीस हजारांची असली, किंवा लागलीच नाही, तरी हप्ता तोच राहतो.

यावर उपाय झालेलेच नाहीत असे मी म्हणत नाही. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी हप्ता सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, जामीनदाराची अटही नाही. पण ही योजना गुणवत्तायादीतल्या निवडक संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या गावी साध्या महाविद्यालयात शिकणाऱ्या बहुसंख्य मुलांना तिचा उपयोग नाही.

आता शिष्यवृत्ती. ‘एवढ्या योजना आहेत, मुलेच फॉर्म भरत नाहीत,’ हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. फॉर्म भरणे म्हणजे काय, हे आरोप करणाऱ्यांनी एकदा पाहावे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत बापाची एक मजुरी बुडते. मग जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, आधारला जोडलेले बँक खाते. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज चढला तरी एखादा कागद अंधुक दिसतो म्हणून तो परत येतो, आणि परत आल्याचे मुलाला कळेपर्यंत मुदत संपत आलेली असते. एवढे सगळे सुरळीत पार पडले तरी पैसे खात्यात पडतात तेव्हा अनेकदा वर्षाची परीक्षा जवळ आलेली, किंवा होऊनही गेलेली असते. खानावळवाला मात्र महिन्याच्या महिन्याला मागतो. खोलीमालक अनामत आधी घेतो. शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेतलेल्या मुलाकडूनही ‘तूर्त भर, आल्यावर परत देऊ’ म्हणून फी घेणारी महाविद्यालये आहेत.

हे मधले महिने कोण भरून काढते? बापाने घेतलेली उचल, आईच्या बचत गटाचे कर्ज, गहाण पडलेले कानातले. शासन उशिरा जे देते ते त्या काळात घराने व्याजाने आणलेले असते. म्हणून उशिरा येणारी शिष्यवृत्ती हे गरिबाने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज आहे, असे मी म्हणतो, आणि हा शब्द जपून वापरतो.

रकमेचेही तसेच. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वसतिगृहात राहून पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त १३,५०० रुपये निर्वाह भत्ता मिळतो. महिन्याला ११२५. पुण्यात दोन वेळच्या डब्यालाच याच्या दुपटीहून अधिक लागतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ हललेली नाही. नवरा-बायको दोघेही रोज साडेचारशे रुपयांनी वर्षाचे तीनशे दिवस कामावर गेले तर २,७०,००० रुपये होतात. महाराष्ट्रात अशा मुलाची फी फ्रीशिपमधून माफ होऊ शकते, पण निर्वाह भत्ता हातचा जातो. आई घरी बसली असती तर मिळाला असता.

‘कमवा आणि शिका’चे नाव घेताना तर फारच सैलपणा होतो. रात्री बारापर्यंत दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवून सकाळी साडेसातच्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला लोक कौतुकाने म्हणतात, ‘कर्मवीरांचा वारसा चालवतोय.’ भाऊराव पाटलांनी हे केले नव्हते. साताऱ्याच्या वसतिगृहात किंवा १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले शेतात राबली, दगड फोडले, इमारती उभ्या केल्या. पण ते काम संस्थेने स्वतः उभे केलेले होते. कष्टाच्या बदल्यात राहणे, खाणे आणि शिकणे यांची हमी संस्थेने घेतली होती, आणि शिक्षण हा त्या दिवसाचा गाभा होता. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आधी संस्थेने स्वतःला पणाला लावले, मग विद्यार्थ्याकडे श्रम मागितले. आज पूर्ण फी घेऊन वर मुलाला ‘बाहेर काहीतरी काम बघ’ सांगणाऱ्याने हे नाव घेऊ नये. कामाने माणूस घडतो, हे मलाही मान्य आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, संगणक कक्षात दिवसाला दोन-तीन तास काम करणारा विद्यार्थी नुसते पैसे मिळवत नाही, संस्था आतून शिकतो. दिवसाला आठ तास राबणारा विद्यार्थी शिकायचाच राहतो.

बाबासाहेबांचे उदाहरण तर या समजुतीच्या विरुद्धच साक्ष देते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारामुळे बडोद्याच्या नोकरीत जावे लागले. तिथे जातीने छळले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० मध्ये, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज जोडून, ते पुन्हा लंडनला गेले. क्रम पाहा. आधी जगण्याइतकी शिष्यवृत्ती, मग स्वतःची कमाई, कर्ज सर्वांत शेवटी आणि तेही उरलेल्या खर्चापुरते. इतक्या असामान्य बुद्धीच्या माणसाचेही शिक्षण पैसे थांबताच थांबले. मग पेठवडगावच्या किंवा परतूरच्या सामान्य हुशारीच्या मुलाने जिद्दीवर निभावून न्यावे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

‘फुकटाची किंमत राहत नाही’ असेही म्हटले जाते. सवलतीच्या फीमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेल्या पिढ्यांनी शिक्षणाची किंमत ठेवली नाही, असे कुणी दाखवून दिलेले नाही. सगळ्यांना सगळे फुकट द्या, अशी माझी मागणीही नाही. ज्यांना परवडते त्यांनी फी भरावी.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच खात्यात यावा आणि रक्कम शहराच्या खर्चाशी बांधलेली असावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेने मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये कबूल करून हे तत्त्व मान्य केलेलेच आहे; ते सर्व गरीब विद्यार्थ्यांना आणि वेळेवर लागू व्हावे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. निर्णय उत्तम आहे, पण नांदेडहून पुण्याला पाठवायच्या मुलीचे राहणे-खाणे त्यात नाही, आणि पुष्कळ घरांत मुलीचा निर्णय तिथेच फिरतो. दुसरे, महाविद्यालयातले काम तासांच्या मर्यादेत, किमान वेतनाच्या दराने मिळावे. आणि तिसरे, कर्ज उरलेल्या खर्चापुरते, ज्याचा हप्ता उत्पन्नावर ठरेल. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून ही पद्धत चालवली आहे : ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी कमावणाऱ्याकडून वसुली होत नाही, वर कमावणाऱ्याकडून करासोबत होते.

‘पैसा आणायचा कुठून?’ हा शेवटचा आक्षेप. भत्ता वाढवायला आणि मर्यादा उचलायला नवा पैसा लागेल, हे उघड आहे; त्यावर विधिमंडळात भांडावे लागेल. पण वेळेवर देण्यासाठी नवी तरतूद लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जी रक्कम द्यायचीच आहे ती ऑगस्टमध्ये दिली, तर तिजोरीला खर्च येतो तो सात-आठ महिन्यांच्या व्याजाचा. ते व्याज आजही भरले जातेच. गावच्या सावकाराच्या दराने, मुलाच्या आईकडून.