कार्यक्षमता कोणाची : यंत्राची की माणसाची?

विद्यार्थी मित्रहो, यंत्राची कार्यक्षमता म्हणजे काय, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल : यंत्राकडून मिळालेले कार्य भागिले यंत्राला दिलेली ऊर्जा. उत्तर बरोबर आहे. पण या अपूर्णांकाच्या छेदात काय काय धरायचे, हे आधी ठरवावे लागते. पंपाचा हिशेब करताना मोटारीत वाया गेलेली वीज धरलीच नाही, तर पंप उगाचच चांगला ठरतो. संगणकाच्या भाषांची तुलना करताना नेमकी हीच चूक होते, असे माझे मत आहे.

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त शून्य आणि एक यांनी लिहिलेल्या आज्ञा कळतात. असेंब्ली भाषेत अशा प्रत्येक आज्ञेला एक छोटे नाव असते. 'ही संख्या तिथे ने', 'या दोन संख्या मिळव', 'शून्य आले तर तिकडे जा', अशी एकेक पायरी आपणच लिहायची. सी, पायथन यांसारख्या उच्चस्तरीय भाषांत मात्र आपण जवळजवळ बीजगणितासारखे लिहितो. ते यंत्राला समजावण्याचे काम दुसरा प्रोग्रॅम करतो. म्हणून काही जण म्हणतात, "असेंब्लीच श्रेष्ठ! मध्ये दुभाष्या नाही, तेव्हा वेग जास्त आणि जागा कमी."

मीही विद्यार्थी असताना असेच म्हणत असे. आमच्या प्रयोगशाळेत ८०८५ या प्रोसेसरचा किट होता. या प्रोसेसरला बेरीज येते, पण गुणाकाराची आज्ञाच नाही. २५० गुणिले २०० करण्यासाठी मी २५० ही संख्या २०० वेळा मिळवणारा प्रोग्रॅम लिहिला. एक आज्ञा चुकली आणि ती शोधण्यात अख्खी दुपार गेली. अखेर ५०,००० हे उत्तर आले. असेंब्लीत लिहिले आहे, तेव्हा याहून वेगवान काही असूच शकत नाही, या समजुतीने मी खूश झालो.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "शाळेत गुणाकार कसा करत होतास?"

शाळेत आपण गुणकाचा एकेक अंक घेतो, एकेक घर सरकून लिहितो आणि बेरीज करतो. द्विमान पद्धतीत २०० ही संख्या ११००१००० अशी आठ अंकांत मावते. म्हणजे २०० फेऱ्यांऐवजी ८ फेऱ्या पुरतात! प्रत्येक फेरीत काम थोडे वाढते, तरी एकूण वेळ पुष्कळ वाचतो. यंत्र तेच, भाषा तीच. बदलली ती फक्त रीत. आणि रीत सुचायला डोके मोकळे असावे लागते. माझे डोके त्या दुपारी चुकलेली आज्ञा शोधण्यात गुंतले होते.

आता एक मोठे उदाहरण पाहा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेली युनिक्स ही कार्यप्रणाली आधी असेंब्लीत लिहिलेली होती. १९७३ साली ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. नवी प्रणाली आकाराने सुमारे एक तृतीयांश वाढली. त्या काळी स्मृती फार महाग होती, तरीही त्यांनी ही वाढ मान्य केली. का? कारण नवा प्रोग्रॅम समजायला आणि बदलायला कितीतरी सोपा होता, आणि त्यात नव्या सोयीही आल्या होत्या. शिवाय असेंब्लीतला प्रोग्रॅम एका जातीच्या प्रोसेसरला बांधलेला असतो. सी भाषेमुळे युनिक्स पुढे वेगळ्या बनावटीच्या यंत्रांवरही नेता आली. यंत्राची थोडी जागा खर्चून माणसांची वर्षे वाचली.

मग असेंब्ली टाकून द्यायची का? मुळीच नाही. व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या 'एफएफएमपेग' या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे काही भाग आजही हाताने असेंब्लीत लिहिले जातात, कारण तीच छोटी आकडेमोड तिथे सेकंदाला लाखो वेळा करावी लागते. पण बाकीचा बहुतेक प्रोग्रॅम सी भाषेतच आहे. हीच वाट शहाणपणाची. आधी चांगली रीत शोधा, ती उच्चस्तरीय भाषेत लिहा, मग वेळ कुठे जातो ते प्रत्यक्ष मोजा. न मोजता केलेला अंदाज बहुधा चुकतो. एखादा छोटा भागच बराचसा वेळ खात असेल, तर तेवढाच असेंब्लीत लिहिण्याचा विचार करा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. विद्यार्थ्यांकडून एखादा लहानसा प्रोग्रॅम असेंब्लीत जरूर लिहून घ्या. पायथनच्या एका ओळीमागे यंत्राला किती राबावे लागते, हे त्यांना एकदा कळले पाहिजे. मात्र गुण देताना "उत्तर आले का?" एवढेच न विचारता "याहून कमी पायऱ्यांची रीत आहे का?" हेही विचारा.

आणि मित्रहो, यापुढे कोणी एखादी भाषा 'अधिक कार्यक्षम' आहे असे सांगितले, तर त्याला नम्रपणे विचारा : छेदात तुम्ही काय धरले आहे? यंत्राचा वेळ, की माणसाचाही?