उर्दू वाचकाला टॅबलेटच का लागतो?

टॅबलेटने डोळे जातात, ई-इंक रीडर घ्या, असा उपदेश सर्रास होतो. मराठी वाचकाला तो चालेल. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात. उर्दू वाचकाने काय करायचे? ‘रेख्ता’वर हजारो उर्दू पुस्तके फुकट आहेत, पण ती छापील पानांचे फोटो आहेत, वेबसाइटवर किंवा ॲपमध्येच वाचावी लागतात. किंडल रीडरवर असे ॲप चालतच नाही.

म्हणून वैजापुरात उर्दू शिकणाऱ्या मुलीच्या हाती टॅबलेट दिसला, की ‘खेळत बसली’ म्हणू नका. गालिब, प्रेमचंद तिला तिथेच भेटतात.

दोष टॅबलेटचा नाही. नस्तालीकचे मोफत फॉन्ट असताना फोटोंवरच भागवणाऱ्या उर्दू प्रकाशकांचा आहे. आधी टाइप केलेली ई-पुस्तके द्या, मग आमच्या डोळ्यांची काळजी करा.