शिखरावर एक रिकामी बाटली न्या



कळसूबाईची सहल ठरली, की पिशवीत काय भरायचे याची यादी होते : पाणी, डबा, टोपी. माझे म्हणणे असे, की त्या यादीत घट्ट झाकणाची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली, एक तापमापक आणि एक वही असलीच पाहिजे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातील बारी गावातून वाट निघते. आधी शेते, मग चढण, थोडी सपाटी आणि पुन्हा चढण. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर बनला. टणक थरांचे कडे झाले आणि जेथे ते वाटेत आडवे येतात तेथे आज लोखंडी शिड्या आहेत. गावापासून माथा सुमारे नऊशे मीटर उंच आहे.

फ्रान्समधील प्वी द दोम हा डोंगर १४६५ मीटरचा, म्हणजे कळसूबाईहून ठेंगणाच. पण १९ सप्टेंबर १६४८ रोजी तेथे इतिहास घडला. ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिए पाऱ्याची नळी घेऊन तो डोंगर चढले. माथ्यावर पारा तीन इंचांहून थोडा अधिक उतरला. मात्र तशीच दुसरी नळी त्यांनी पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. तो पारा हलला नाही. म्हणूनच हा फरक उंचीचा, दिवसभरातील हवापालटाचा नव्हे, असे ठामपणे म्हणता आले.

पारा विषारी, आपल्याला तो नको. माथ्यावर बाटलीचे झाकण उघडा, आत तिथली हवा भरू द्या आणि घट्ट लावा. तापमान लिहा. बारीत उतरेपर्यंत बाटली चेपलेली दिसेल. ती बादलीत उलटी बुडवून झाकण पाण्याखाली काढा, आतील व बाहेरील पाण्याची पातळी सारखी करा आणि आत शिरलेले पाणी मोजा. एक लिटरच्या बाटलीत ते साधारण ८० ते १०० मिलिलिटर भरावे. एका गटाने गावातच थांबून दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवावे. तुमच्या प्रयोगातील धर्मगुरू तेच!

समजा, पाणी ६५ मिलिलिटरच भरले. तर ६५ च लिहा. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना मी पाहतो, की मुले आधी उत्तर पाहतात आणि मग त्याला साजेशी निरीक्षणे वहीत उतरवतात. त्यात मुलांपेक्षा आमचा दोष मोठा; कारण आम्ही गुण देतो ते जुळलेल्या उत्तराला. झाकण सैल होते का? बादलीतले पाणी गरम होते का? हे प्रश्न न जुळणाऱ्या आकड्यातूनच सुचतात, आणि विज्ञान तेथूनच सुरू होते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, शिवाय जबाबदारी मोठी. जबाबदारी खरीच. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात, विजांचे भय असते. म्हणून सहल हिवाळ्यात न्यावी, आणि शिडीवर दोन्ही हात मोकळे ठेवावेत. पण वायुभाराचा धडा अभ्यासक्रमातलाच आहे. तो फळ्यावर शिकवायला एक तास लागतो. डोंगरावर एक दिवस लागेल, पण जन्मभर लक्षात राहील.

तेव्हा या हिवाळ्यात निघा. परतल्यावर वर्गात आपला आकडा फळ्यावर लिहा, जसा आला तसाच.